धक्का कुठे जातो

रिव्हॉल्व्हरची मूठ कितीही कौशल्याने घडवली, तरी तिच्या आकारामुळे धक्का कणभरही कमी होत नाही, ही गोष्ट मुठी विकणाऱ्यांच्या जाहिरातींत सहसा लिहिलेली नसते. गोळी आणि तिच्यामागून उसळणारे वायू जो संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच संवेग घेऊन शस्त्र मागे येते, आणि या हिशेबात मुठीच्या आकाराला मुळी स्थानच नाही. .३८ स्पेशल या काडतुसाची सुमारे १० ग्रॅमची गोळी सेकंदाला २३५ मीटरच्या आसपासच्या वेगाने सुटली, तर साधारण एक किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर सेकंदाला पावणेतीन मीटरच्या वेगाने मागे येऊ लागते. मग मुठीच्या पट्ट्या अक्रोडाच्या असोत, रबराच्या असोत वा हस्तिदंताच्या. मुठीच्या हाती असते ते एवढेच की, हा धक्का तळहाताच्या कोणत्या भागावर, किती क्षेत्रावर आणि किती वेळात उतरेल, आणि त्यातला किती भाग सरळ मनगटाकडे जाईल व किती भाग नळीचे तोंड आभाळाकडे उचलण्यात खर्च होईल. वाटपाचा अधिकार आहे, कपातीचा नाही. पण केवळ या वाटपावर लोकांनी दीडशे वर्षे लाकूड घासले आहे, आणि ते का घासले हे मला हळूहळू कळत गेले.

मी मूळचा सांगलीकडचा, शिक्षणाने यंत्र अभियंता, आणि बरीच वर्षे अमेरिकेच्या ओहायो राज्यात राहतो. शस्त्रांचे आकर्षण मला कधी नव्हते आणि आजही शस्त्र म्हणून रिव्हॉल्व्हरविषयी मला विशेष काही म्हणायचे नाही. कागदी लक्ष्यावर नेम धरणे हा इथल्या अनेक गावांत चालणारा एक शांत छंद आहे आणि एका सहकाऱ्यामुळे मी त्यात पडलो. क्लबातले एक निवृत्त टूलमेकर आपल्या तळघरात एक मोठा खण भरून नुसत्या मुठी बाळगून आहेत. एकाच रिव्हॉल्व्हरला एकामागून एक मुठी बसवून नेम धरायला त्यांनी मला दिले, तेव्हा तेच शस्त्र, तीच काडतुसे आणि तोच हात असूनही कागदावरच्या छिद्रांचा पुंजका दर वेळी निराळ्या जागी पडलेला पाहिला, आणि यंत्र अभियंत्याला गप्प बसू देणार नाही असा एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर नळी आणि हात यांच्यामधल्या अंतरात आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी काडतुसांच्या फिरत्या चक्राच्या वरच्या खणातून सुटते, म्हणून नळीचा अक्ष हाताच्या बराच वर असतो. धक्का अक्षाच्या रेषेत मागे येतो, त्याला अडवणारा तळहात त्या रेषेच्या खाली असतो, आणि म्हणून शस्त्र केवळ मागे न येता वरही वळते. हे वळणे गोळी निघून गेल्यावर होत असते, तर नेमाशी त्याचा काही संबंध उरला नसता. पण त्याची सुरुवात गोळी नळीत असतानाच होते. हिशेब सोपा आहे. १० ग्रॅमची गोळी नळीतून बारा सेंटिमीटर पुढे सरकते, तेवढ्यात तिच्या जवळजवळ शंभरपट जड शस्त्र साधारण एक मिलिमीटर मागे सरकलेले असते. हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकते, म्हणजे माणसाला काही जाणवण्याच्या किंवा करण्याच्या कितीतरी आधी. त्या एका मिलिमीटरमध्ये नळी किती वळली हे हाताने आधीच, म्हणजे काडतुसावर आपटणारा घोडा पडण्यापूर्वीच, ठरवून टाकलेले असते. २५ मीटरवर एक अंशाचा फरक म्हणजे सुमारे ४४ सेंटिमीटर, आणि अंशाचा दहावा भाग म्हणजे ४४ मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत २५ मीटरच्या अचूकता-लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते, तेव्हा मध्यावर धरलेला नेम अंशाच्या दहाव्या भागाने ढळला, तरी गोळी दहाच्या बाहेर पडून नवात जाते.

नवख्या माणसाला चमत्कारिक वाटणाऱ्या आणखी एका गोष्टीचा उलगडाही इथेच होतो. जवळच्या अंतरावर, त्याच रिव्हॉल्व्हरमधून झाडलेली जड आणि मंद गोळी हलक्या आणि वेगवान गोळीपेक्षा वर लागते, कारण ती नळीत अधिक वेळ रेंगाळते आणि तोवर नळी अधिक वर उचललेली असते. रिव्हॉल्व्हर बाजूने पाहिले, तर नेम धरायची टोकाची माशी मागच्या खाचेपेक्षा नळीच्या अक्षापासून चांगलीच उंच दिसते, म्हणजे नेम धरताना नळी प्रत्यक्षात किंचित खाली रोखलेली असते आणि धक्क्याने ती वर येईल हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते. पण ते गृहीत कोणत्या तरी एका सरासरी हाताचे असते. तुमचा हात मुठीवर त्या सरासरीपेक्षा खाली बसला, तर वळवणारा दांडा लांब होतो आणि गोळ्या वर जातात. वर बसला, तर खाली येतात. शस्त्र लोखंडी चौकटीत आवळून चाचणी करण्याची यंत्रे मिळतात, आणि त्यांत शस्त्राचा पुंजका किती लहान येतो हे नेमके कळते, पण तो पुंजका तुमच्या हातात नेमका कुठे पडेल हे त्या यंत्राला सांगता येत नाही.

या वळण्याचे काय करायचे, याची दोन परस्परविरोधी उत्तरे जवळजवळ एकाच काळात दिली गेली, आणि माझ्या मते मुठीचा पुढचा सारा इतिहास म्हणजे त्या दोन उत्तरांची ओढाताण आहे. कोल्टने १८७३ साली अमेरिकी सैन्यासाठी जे सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर आणले, त्याची मूठ जवळजवळ जशीच्या तशी १८५१ च्या नेव्ही मॉडेलवरून उचललेली होती. अमेरिकेत तिला नांगराच्या मुठीची उपमा देतात, आणि ज्याने आपल्याकडे रुमण्यावर हात ठेवला आहे त्याला ती पटेल: वर निमुळती, खाली फुगत जाणारी, मागच्या बाजूला अखंड वळण असलेली, आणि हाताला अडवेल असा एकही उंचवटा नसलेली. गोळी सुटली की ही मूठ हातात फिरते. तळहातावरून वर घसरत, लोळत जाते. काळ्या दारूच्या .४५ काडतुसाचा धक्का जोरदार असला तरी त्यात ठोशापेक्षा रेटा अधिक असे, आणि या लोळण्यात तो हळूहळू जिरून जाई. शिवाय वर आलेल्या शस्त्राचा घोडा आपोआप अंगठ्याजवळ येई, आणि दर गोळीला घोडा हाताने ओढावा लागणाऱ्या शस्त्रात ही मोठीच सोय होती. अनेकजण करंगळी मुठीच्या खाली दुमडून ठेवत आणि शस्त्राला फिरायला आणखी मोकळीक देत.

याच सुमारास स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या कंपनीला रशियन सरकारची मोठी मागणी आली, आणि त्या मागणीपायी १८७० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या तिसऱ्या क्रमांकाच्या मॉडेलच्या मुठीला मागच्या बाजूस, अगदी वर, एक ठळक कुबड आले. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी या कुबडाखाली अडकते आणि मूठ हातात वर सरकूच शकत नाही. गोळी सुटल्यावर हात जिथे होता तिथेच राहतो, म्हणून पुढच्या गोळीलाही तो तिथेच असतो. त्याची किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागते: घोडा अंगठ्यापासून दूर राहतो, आणि जो धक्का लोळण्यात जिरला असता तो बेचकीच्या मऊ मांसावर एका ठिकाणी येऊन आदळतो. अमेरिकी घोडदळाच्या लोकांना हे कुबड आवडले नाही, आणि घोड्यावर बसून एका हाताने शस्त्र चालवणाऱ्याला ते का आवडू नये, हे समजण्यासारखे आहे.

गंमत अशी की, कागदावर नेम धरणाऱ्यांची संख्या वाढू लागताच कोल्टलाही आपल्या सुंदर मुठीत बदल करावा लागला. इंग्लंडची राष्ट्रीय रायफल संघटना १८९० मध्ये विम्बल्डनहून सरे परगण्यातल्या बिस्ली येथे गेली, आणि तिथल्या रिव्हॉल्व्हर स्पर्धांना नजरेसमोर ठेवून कोल्टने १८९४ मध्ये बिस्ली हेच नाव देऊन एक मॉडेल आणले. त्याची मूठ लांब, अधिक उभी आणि मागच्या बाजूला वर चढलेली होती. हात ताठ पुढे करून, अंग तिरके ठेवून एका हाताने सावकाश नेम धरणाऱ्याला ती सोयीची होती. दिसायला मात्र ती जरा ओबडधोबडच, आणि सौंदर्याच्या बाबतीत मी आजही १८७३ च्याच बाजूने आहे. पण १९२९ च्या सुमारास एल्मर कीथ यांनी आपल्या खास रिव्हॉल्व्हरसाठी या दोन मुठींचा संकर करवून घेतला, बिस्लीची मागची पट्टी आणि जुन्या मुठीची पुढची बाजू, तेव्हा त्यांना सौंदर्यापेक्षा दणकट काडतुसांची चिंता होती.

ती चिंता पुढे सगळ्यांचीच झाली. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे काडतूस आले, १९५६ मध्ये .४४ मॅग्नम बाजारात आले. दुसऱ्याची सुमारे साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला चारशे मीटरच्या वर वेगाने निघते आणि एक किलो साडेतीनशे ग्रॅमचे शस्त्र सेकंदाला सहा मीटरच्या वेगाने मागे फेकते. धक्क्याची ऊर्जा पंचवीस ज्यूलच्या आसपास, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या .३८ स्पेशलच्या सहापट. एवढ्या वेगाला लोळायला सवडच उरत नाही. रूगर कंपनीने १९५९ च्या सुपर ब्लॅकहॉकसाठी मूठ लांब केली आणि ट्रिगरभोवतीचे कडे मागच्या बाजूला चौकोनी केले, तर नांगरी वळणाची ती मूठ वर फिरताना त्या कड्याने मधल्या बोटाच्या सांध्यावर नेमका टोला द्यायला सुरुवात केली. मी हा टोला खाल्लेला आहे. अशा शस्त्रांत एका बोटाचा सांधा नेमाचा शत्रू होतो, कारण पहिल्या टोल्यानंतर हात पुढचा टोला टाळण्यासाठी आपोआप आक्रसतो आणि गोळी सुटण्याआधीच नळी खाली झुकते. सुखावहपणाचा नेमाशी सर्वांत थेट संबंध हाच: दुखणारा हात वाट पाहत नाही. पुढे १९८० च्या दशकात रूगरनेही बिस्ली घाटाची मूठ स्वीकारली, आणि आणखी भारी काडतुसांची शस्त्रे घडवणाऱ्या कारागिरांनी तर तिलाच पसंती दिली.

डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा प्रश्न वेगळा, आणि माझ्या दृष्टीने अधिक रंजक आहे. इथे घोडा अंगठ्याने ओढायचा नसतो, तर ट्रिगर दाबतानाच तो मागे जाऊन पडतो, आणि त्यासाठी लागणारे बळ पाच किलोच्या आसपास असते. शस्त्राचे वजन एक किलो, आणि ते न हलवता एका बोटाने त्याच्यावर पाचपट ओढ द्यायची. त्यामुळे धक्का येण्याच्या आधीच मुठीची परीक्षा झालेली असते. मूठ हाताला जाड झाली, तर बोटाचे केवळ टोक ट्रिगरवर पोहोचते आणि ओढ तिरकी लागते. बारीक झाली, तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जाते आणि तेही शस्त्राला बाजूला खेचते. लहान हाताची माणसे अशा वेळी नकळत एक तडजोड करतात: ट्रिगर गाठण्यासाठी मूठ तळहातात थोडी फिरवून धरतात. मग नळी, मनगट आणि कोपर एका रेषेत राहत नाहीत, आणि सारा धक्का बेचकीऐवजी अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर बसतो. क्लबात मॅग्नमला नावे ठेवणाऱ्यांपैकी अनेकांची तक्रार, नीट पाहिले तर, काडतुसाविषयी नसून या अर्ध्या सेंटिमीटरच्या जाडीविषयी असते. जाड मुठीने धक्का मोठ्या क्षेत्रावर पसरतो हे खरे, पण त्याच जाडीने ट्रिगर दूर जातो.

म्हणून जाणकारांनी लाकूड कुठे वाढवायचे यावर फार विचार केला. स्मिथ अँड वेसनच्या सांगाड्यात ट्रिगरच्या कड्यामागे एक पोकळी राहते, आणि कारखान्याच्या बारीक पट्ट्या लावल्या, तर मधले बोट त्या पोकळीत वर घुसून कड्यावर आपटते. ती पोकळी भरणारा धातूचा एक छोटा तुकडा मिळतो, टायलर टी-ग्रिप या नावाने तो प्रसिद्ध आहे, आणि मागची जाडी तिळभरही न वाढवता तो मधल्या बोटाला बसायला जागा देतो. अमेरिकेच्या सीमा गस्त दलातले बिल जॉर्डन यांनी उलट तळहाताच्या पोकळीत भरणारे गुबगुबीत लाकूड पसंत केले. त्यांचा हात पंजासारखा मोठा होता, हे त्यांच्या मुठी विकत घेणाऱ्या सामान्य हातांच्या लोकांनी ध्यानात घ्यायला हवे होते. इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरमध्ये १९१५ ची सहावी आवृत्ती येईपर्यंत पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल, आखूड मूठ असे, आणि मागे वर एक खाच असे. ती हातात घेतल्यावर लहान वाटते, पण बेचकी आपोआप योग्य उंचीवर जाऊन बसते. मला ती बरीच आवडली.

रबराविषयी माझे मत क्लबात लोकप्रिय नाही. रबर धक्क्याचा वेळ किंचित लांबवते, घामाने निसटत नाही, आणि मागची पट्टी झाकणारी जाड रबरी मूठ असेल, तर भारी काडतुसांत तिच्याइतका आराम दुसऱ्या कशानेही मिळत नाही. दोन किलोच्या आसपास वजन असलेल्या.५०० मॅग्नमला तिच्यावाचून हात लावण्याची माझी तयारी नाही. पण रबर हाताला चिकटते. बेचकी एकदा चुकीच्या जागी बसली की ती तिथेच धरून ठेवते, तर गुळगुळीत लाकडावर हात योग्य जागी घसरून जातो. १९९९ मध्ये सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर रिकामे करून, पुन्हा भरून, एकूण बारा गोळ्या २.९९ सेकंदांत झाडणारे जेरी मिकुलेक गुळगुळीत, बोटांच्या खाचा नसलेल्या लाकडी मुठीचे पुरस्कर्ते आहेत, यात मला नवल वाटत नाही. बोटांच्या खाचा ही तर मला शुद्ध विक्रेत्याची कल्पना वाटते: दुकानात हात घातला की फार छान वाटते, पण त्या खाचा ज्याच्या बोटांवरून कोरल्या, त्या माणसाची बोटे तुमची नसतात. नेमाला आराम थोडाफार हवाच, पण त्याहून अधिक हवे असते ते दर वेळी तेच बसणे, आणि या दोन गोष्टी एका ठरावीक मर्यादेपर्यंतच एकत्र चालतात.

मर्यादेच्या पलीकडचे टोक पाहायचे, तर सुमारे ३४० ग्रॅमचे स्कँडियम मिश्रधातूचे, .३५७ मॅग्नम झाडणारे खिशातले रिव्हॉल्व्हर हातात घ्यावे. धक्क्याची ऊर्जा वीस ज्यूलच्या घरात, म्हणजे .४४ मॅग्नमच्या जवळपास, पण शस्त्र मागे येण्याचा वेग सेकंदाला दहा मीटर. १२० ग्रेनपेक्षा (सुमारे ७.८ ग्रॅम) हलकी गोळी वापरू नये, अशी सूचना त्याच्या नळीवरच कोरलेली असते. मूठ मात्र खिशात मावावी म्हणून दोन बोटांपुरती, आणि करंगळीला जागाच नाही. इथे सारे उपाय थकतात. चियाप्पा कंपनीच्या ऱ्हायनो रिव्हॉल्व्हरमध्ये अभिकल्पकाने प्रश्नच उलटा केला: मूठ वर नेण्याऐवजी नळीच चक्राच्या खालच्या खणापुढे आणली. तोंड वर उचलणे जवळजवळ थांबते, पण वाटप पुन्हा तेच राहते. वर न गेलेला धक्का सरळ तळहातात येतो, आणि ज्यांचे मनगट कमजोर आहे त्यांना तो अधिक जाणवतो.

भारतात परवान्यावर मिळणाऱ्या रिव्हॉल्व्हरांत हा प्रश्न इतका तीव्र होत नाही, कारण तिथे नागरिकाच्या वाट्याला बहुतेक .३२ येते. कानपूरच्या आयुध निर्माणीचे, वेब्लीच्याच वळणाचे, मधून मोडणारे .३२ किंवा २०१४ मध्ये आलेले अर्ध्या किलोचे ‘निर्भीक’ यांचा धक्का अडीच-तीन ज्यूलच्या पलीकडे फारसा जात नाही. पण तेच .३२ काडतूस सपाट तोंडाच्या गोळीनिशी २५ मीटर सेंटर-फायर स्पर्धेत येते, तेव्हा मुठीला सर्वाधिक महत्त्व येते. जसपाल राणा यांनी १९९४ आणि २००६ या दोन्ही आशियाई स्पर्धांत सेंटर-फायरचे सुवर्ण जिंकले, आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये .२२ च्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात. या खेळांत मूठ नेमबाजाच्या तळहातावरून कोरतात, भुसा-गोंदाने भरतात, पुन्हा घासतात. नियम एवढाच की मुठीने हाताला वेढता कामा नये, आणि तळहाताचा टेकू मुठीशी काटकोनापेक्षा लहान कोन करता कामा नये. धक्का नगण्य असतानाही एवढा खटाटोप चालतो, यावरून मुठीचे पहिले काम धक्का सोसणे हे नसावे, अशी माझी शंका बळावत गेली आहे.

माझ्या चार इंची .३८ वर सध्या अक्रोडाच्या साध्या पट्ट्या आणि कड्यामागे तो धातूचा तुकडा आहे. उजव्या पट्टीचा फुगवटा मी पॉलिश पेपरने घासून कमी केला आहे, म्हणजे तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरच्या मध्यावर येते, आणि डाव्या पट्टीचा वरचा कोपरा कापला आहे, कारण सहा काडतुसे एकदम भरणारा लोडर तिथे अडत होता. मागच्या पट्टीचे उघडे लोखंड मात्र तसेच ठेवले आहे. बेचकी वर कुठवर पोहोचली हे त्याच्या गार स्पर्शाने लगेच समजते, आणि.३८ च्या धक्क्याला तेवढे पुरते. मॅग्नम रिव्हॉल्व्हर चालवायची वेळ आली, तर टूलमेकरांच्या खणातली जाड रबरी मूठ मागून आणतो, आणि ती बसवल्यावर माशी-खाच पुन्हा दोन-तीन टिचक्या खाली जुळवून घेतो.